पासवर्ड मॅनेजर : भरवसा नक्की कशावर ठेवायचा?

रेल्वेचं तिकीट, वीजबिल, आयकर विवरणपत्र, शाळेची फी, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि प्रत्येकाला पासवर्ड हवाच. बहुतेक घरांत मात्र या सगळ्यांना मिळून दोन-तीनच पासवर्ड असतात : मुलीचं नाव, त्यापुढे @ आणि तिचं जन्मवर्ष. अशा घरात कुणी पासवर्ड मॅनेजरचं नाव काढलं की दोन प्रतिक्रिया येतात. कुणी म्हणतं, ‘सगळे पासवर्ड एका ॲपच्या हवाली करायचे? शहाणपणा आहे का हा?’ आणि कुणी कसलीही चौकशी न करता जाहिरातीत दिसलेलं पहिलं ॲप उतरवून मोकळं होतं. दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की इथे कंपनीच्या नावावरच विसंबावं लागतं. विचारण्यासारखा प्रश्न निराळा आहे : उद्या कंपनीत चोरी झाली, तर चोराच्या हाती नेमकं काय लागेल? या प्रश्नाच्या उजेडात काही नेहमीचे गैरसमज तपासू.

गैरसमज १ : सगळे पासवर्ड एकाच जागी ठेवणं म्हणजे चोराचं काम सोपं करणं.

वस्तुस्थिती : आपले पासवर्ड आजही एकाच जागी आहेत, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. २००९मध्ये ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीकडून सुमारे ३.२ कोटी पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत साठवलेले होते आणि त्यांत सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता ‘१२३४५६’. अशा याद्या हाती आल्या की चोर तेच ई-मेल पत्ते आणि तेच पासवर्ड इतर संकेतस्थळांवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने लावून पाहतात. कुठल्याशा किरकोळ शॉपिंग साइटवर फुटलेला पासवर्ड ई-मेललाही चालला, की खेळ संपला. कारण जवळपास प्रत्येक खात्याची ‘पासवर्ड विसरलात?’ ही वाट ई-मेलच्या इनबॉक्समधूनच जाते.

पासवर्ड मॅनेजर ही साखळी तोडतो. प्रत्येक खात्यासाठी तो लांब, कसलाही अर्थ नसलेला वेगळा पासवर्ड तयार करतो आणि सगळे पासवर्ड एका एनक्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या तिजोरीत ठेवतो. आपण लक्षात ठेवायचा तो एकच मास्टर पासवर्ड. आपला ई-मेल पत्ता कुठल्या गळतीत सापडला आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या मोफत सेवेवर पाहता येतं. तिथे एकदा डोकावलं की जुन्या पद्धतीवरचा विश्वास बराच कमी होतो.

गैरसमज २ : कंपनी हॅक झाली म्हणजे सगळे पासवर्ड गेले.

वस्तुस्थिती : हे घडून गेलेलं आहे, त्यामुळे अंदाज बांधत बसायची गरज नाही. ऑगस्ट २०२२मध्ये ‘लास्टपास’ या लोकप्रिय पासवर्ड मॅनेजरच्या यंत्रणेत चोर शिरले. तिथे मिळालेल्या माहितीच्या आधारे त्यांनी कंपनीच्या एका ज्येष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकाला लक्ष्य केलं. त्यावरच्या मीडिया सॉफ्टवेअरमधली त्रुटी वापरून कळ न् कळ टिपणारा प्रोग्रॅम बसवला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती पळवल्या. प्रती पळवल्या गेल्याचं कंपनीने डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केलं.

त्या तिजोऱ्यांमधली युजरनेम आणि पासवर्ड एनक्रिप्ट केलेले होते, पण संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. कुणाचं खातं कुठल्या बँकेत आहे, कोण क्रिप्टो चलनाचे व्यवहार करतं, हे चोरांना तिजोरी न उघडताच दिसत होतं. पुढे खरा फरक पडला तो मास्टर पासवर्डमुळे. चोर अशी तिजोरी स्वतःच्या संगणकावर नेऊन एकामागून एक पासवर्ड लावत बसतो. तीन चुकांनंतर खातं बंद करणारं तिथे कुणी नसतं. म्हणून चांगला पासवर्ड मॅनेजर मास्टर पासवर्डवर एक गणिती प्रक्रिया लाखो वेळा करतो, जेणेकरून चोराचा प्रत्येक प्रयत्न महाग पडावा. सुरक्षा क्षेत्रातल्या ‘ओवास्प’ या संस्थेने २०२३मध्ये यातल्या सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीसाठी ६,००,००० आवर्तनांची शिफारस केली. लास्टपासची नव्या खात्यांसाठीची आवर्तनं चोरीच्या वेळी १,००,१०० होती, जुन्या खात्यांची ५,००० आणि काहींची तर जेमतेम एक! बारा अक्षरांच्या मास्टर पासवर्डची अटही जुन्या ग्राहकांवर सक्तीने लागू झालेली नव्हती. काही ग्राहकांनी क्रिप्टो चलनाच्या किल्ल्याही याच तिजोरीत ठेवल्या होत्या. नंतर त्यांच्यापैकी अनेकांची चलनं चोरीला गेली आणि सुरक्षा संशोधकांनी त्या चोऱ्यांचा माग या तिजोऱ्यांपर्यंत काढला.

यातून निवडीचे दोन निकष मिळतात. तिजोरीतली पत्ते आणि टिपणांसकट सगळी माहिती एनक्रिप्ट होते का? आणि जुन्या ग्राहकांचं कुलूपही काळाप्रमाणे मजबूत केलं जातं का? ‘बिटवॉर्डन’मध्ये आवर्तनांचा आकडा सेटिंगमध्ये पाहता येतो आणि त्याऐवजी ‘आर्गॉन२’ ही अधिक कणखर पद्धतही निवडता येते. ‘वनपासवर्ड’ मास्टर पासवर्डच्या जोडीला आपल्याच उपकरणावर तयार झालेली १२८ बिटांची गुप्त किल्ली वापरतं. ती कंपनीच्या सर्व्हरवर नसते, त्यामुळे नुसती तिथली तिजोरी पळवून मास्टर पासवर्डचे अंदाज बांधत बसणं निरर्थक ठरतं.

गैरसमज ३ : मास्टर पासवर्ड चिन्हांनी भरलेला हवा आणि दर तीन महिन्यांनी बदलायला हवा.

वस्तुस्थिती : हा सल्ला अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २००३च्या दस्तऐवजातून जगभर पसरला. तो लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७मध्ये त्याबद्दल खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टने आपली भूमिका बदलली : लांबीला महत्त्व द्या आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ लिहितो, आणि चोरांना ते पक्कं ठाऊक असतं.

मास्टर पासवर्डसाठी ‘डाइसवेअर’ ही पद्धत सोपी आहे. फासा पाच वेळा टाकायचा आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून त्या आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द निवडले की शक्यतांची संख्या साधारण २२ वर २२ शून्यं इतकी होते. शब्द फाशाने निवडायचे, मनाने नाही. आवडता अभंग, म्हण किंवा सिनेमाचं गाणं यांतले शब्द मनाला सुचतात, तसे ते चोरांच्या यादीतही असतात. शब्द मराठी घेतले तरी रोमन लिपीत लिहिलेले बरे, कारण परक्या संगणकावर देवनागरी कीबोर्ड मिळेलच असं नाही.

गैरसमज ४ : मास्टर पासवर्ड विसरलो तर कंपनी परत देईल.

वस्तुस्थिती : जी कंपनी तो परत देऊ शकते, ती आपली तिजोरीही उघडू शकते. चांगल्या मॅनेजरमध्ये तिजोरी आपल्याच फोनवर किंवा संगणकावर उघडते आणि बंद होते. कंपनीकडे पोहोचते ती फक्त न वाचता येणारी प्रत. म्हणून ‘विसरलात तर पासवर्ड ई-मेलने पाठवू’ असं आश्वासन दिसलं, की ते ॲप यादीतून वजा करा.

या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. मास्टर पासवर्ड आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत पाकिटात ठेवावेत. काही सेवांमध्ये विश्वासातल्या व्यक्तीला ठरावीक दिवसांच्या प्रतीक्षेनंतर तिजोरी उघडू देण्याची सोय असते. घरातले सगळे ऑनलाइन व्यवहार एकच माणूस पाहत असेल, तर ही सोय आजच सुरू करावी. तो माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

गैरसमज ५ : ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवतो, मग वेगळ्या ॲपची गरज काय?

वस्तुस्थिती : तोच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा ब्राउझरमधली सोय नक्कीच चांगली. ॲपलने तर सप्टेंबर २०२४पासून ‘पासवर्ड्‌स’ हे वेगळं ॲपच दिलं आहे आणि त्यातली माहिती कंपनीलाही वाचता येत नाही. घरातली सगळी उपकरणं ॲपलची असतील तर तेवढं पुरतं. क्रोममध्ये तिजोरीची किल्ली एरवी गूगल खात्याशी बांधलेली असते. ती आपल्या उपकरणापुरती ठेवण्याचा पर्याय आहे, पण तो आपण निवडावा लागतो. फायरफॉक्समध्ये तिजोरीला स्वतःचा ‘प्रायमरी पासवर्ड’ असतो, तोही आपणच सुरू करायचा.

खरी भीती संगणकात शिरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमची. पायरेटेड सॉफ्टवेअरसोबत येणारे असे प्रोग्रॅम सगळ्यात आधी ब्राउझरने साठवलेले पासवर्ड उचलतात. वेगळ्या मॅनेजरची तिजोरी बंद असेल तर तिथे त्यांची अडचण होते. उघडी असेल तर तोही वाचवू शकत नाही. म्हणून थोड्या वेळाने आपोआप बंद होण्याची सेटिंग चालू हवी, आणि ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप कधीही उतरवू नये.

गैरसमज ६ : फुकटचं ते धोक्याचं, आणि ओपन सोर्स असेल तर डोळे झाकून घ्यावं.

वस्तुस्थिती : बिटवॉर्डनच्या मोफत योजनेत पासवर्डच्या किंवा उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही. ‘कीपास’ २००३पासून मोफत आहे. त्याची तिजोरी आपल्याच संगणकावरची एक फाइल असते, अर्थात तिचा बॅकअपही आपणच घ्यायचा. ‘पैसे कुठून येतात?’ हा प्रश्न मात्र जरूर विचारावा. सशुल्क योजनांवर चालणारी कंपनी मोफत योजना देते, यात वावगं काही नाही. उत्पन्नाचा मार्गच न दिसणारं, निर्मात्याचा पत्ता नसलेलं ॲप टाळावं.

ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर कुणालाही तपासता येतो. तो कुणी तपासला आहेच, असा त्याचा अर्थ होत नाही. २०२३मध्ये कीपासमध्येच अशी त्रुटी सापडली, की संगणकाच्या मेमरीतून मास्टर पासवर्डचा बहुतेक भाग परत मिळवता येत होता. २.५४ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्यात : बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीचे अहवाल कंपनी प्रसिद्ध करते का, आणि त्रुटी सापडल्यावर ती कबूल करून किती लवकर दुरुस्त करते. आजवर एकही त्रुटी न सापडल्याचा दावा पाहून हुरळून जाऊ नये. आणखी एक : शोध घेताना वर दिसणाऱ्या जाहिरातीतून मॅनेजर उतरवू नका. कीपासच्या नावाने नकली पानं जाहिरातींतून फिरली आहेत. पत्ता स्वतः टाइप करावा किंवा फोनच्या अधिकृत ॲप स्टोअरमध्ये निर्मात्याचं नाव पाहून घ्यावं.

गैरसमज ७ : ओटीपी येतो ना, मग पासवर्ड कसाही असला तरी चालतो.

वस्तुस्थिती : ओटीपी हा दुसरा अडसर आहे. पहिला कच्चा ठेवायला ती सबब नव्हे. अनेक खात्यांना ओटीपी नसतोच, आणि आपल्या नंबरचं दुसरं सिम काढून ओटीपी पळवण्याचे प्रकारही होतात. शिवाय नकली पानावर फसलेला माणूस पासवर्डबरोबर ओटीपीही स्वतःच भरून देतो.

इथे पासवर्ड मॅनेजरचा कमी माहीत असलेला गुण कामी येतो. संकेतस्थळाचा पत्ता अक्षरशः जुळला तरच तो पासवर्ड भरायला पुढे करतो. पान हुबेहूब बँकेसारखं दिसत असलं तरी पत्त्यात एका अक्षराचा फरक असेल तर तो गप्प राहतो. तो गप्प राहिला की आपणही थांबायचं. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यांवर जायला सांगितलं होतं. त्यामुळे जुन्या पत्त्यावर साठवलेला पासवर्ड नव्या पत्त्यावर आपोआप भरला गेला नाही तर गोंधळू नका. नवा पत्ता बँकेच्या शाखेतून किंवा पासबुकावरून खात्री करून नोंदवा.

यूपीआय पिन आणि एटीएम पिन चार-सहा आकड्यांचे असतात. ते डोक्यातच ठेवावेत. पासवर्ड कुठेही साठवू नका असा तुमच्या बँकेचा सल्ला असेल, तर नेट बँकिंगचा पासवर्डही पाठ करावा. कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकालाच सोसावं लागतं. बाकी सगळ्या खात्यांसाठी मॅनेजर वापरला, तर पाठ करायचं ओझं या मोजक्या गोष्टींपुरतंच उरतं.

गैरसमज ८ : वहीत लिहिणं हा सगळ्यात मोठा मूर्खपणा.

वस्तुस्थिती : घरातल्या कपाटातली वही परदेशात बसलेल्या चोराला दिसत नाही. स्मार्टफोन नीट न जमणाऱ्या आजी-आजोबांसाठी, प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड लिहिलेली वही एकाच पासवर्डपेक्षा कितीतरी बरी. ती प्रवासात सोबत नेऊ नये आणि तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलांना पाठवू नये, एवढं पथ्य पुरे.

गैरसमज ९ : एकदा निवडलेला मॅनेजर कायमचा.

वस्तुस्थिती : मोठ्या कंपन्याही दुकान बंद करतात. मायक्रोसॉफ्टने २०२५मध्ये जून ते ऑगस्टदरम्यान ‘ऑथेंटिकेटर’ ॲपमधली पासवर्ड साठवण्याची सोय टप्प्याटप्प्याने काढून घेतली. ‘ड्रॉपबॉक्स पासवर्ड्‌स’ ऑक्टोबर २०२५मध्ये बंद झालं. म्हणून निवडीच्या आधीच बाहेर पडायची वाट पाहून ठेवावी : सगळे पासवर्ड ‘एक्स्पोर्ट’ करून दुसऱ्या मॅनेजरमध्ये नेता येतात का? नेताना तयार होणारी फाइल बहुधा उघड्या अक्षरांत असते. काम झालं की ती डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसून टाकावी.

सुरुवात कुठून?

सगळी खाती एका रविवारी बदलायला बसलात तर दमून सोडून द्याल. आधी मॅनेजर निवडा, फाशाने मास्टर पासवर्ड ठरवा, तो लिहून पाकिटात ठेवा आणि मॅनेजरला दुसरा अडसरही लावा. मग पहिला बदल ई-मेलच्या पासवर्डमध्ये करा, कारण इतर खात्यांच्या वाटा तिथूनच जातात. त्यानंतर मोबाइल कंपनी, बँकेशी जोडलेली खाती आणि सरकारी पोर्टल. उरलेली खाती जेव्हा उघडाल तेव्हा त्यांचा पासवर्ड बदलत गेलं तरी चालतं. काही महिन्यांत जुना पासवर्ड कुठेच चालेनासा होईल, आणि मग तो कुणी चोरला तरी त्याच्या हाती काही लागणार नाही.