घरचे गारीगार : आपलीच फळे, आपलीच साखर



मार्च महिना लागला की आपल्याकडे तीन गोष्टी एकदमच येतात. कारखान्याचे गाळप शेवटाला येते, उन्हाचा चटका वाढतो आणि भर दुपारी गल्लीत गारीगारवाल्याचा भोंगा वाजू लागतो. भोंगा ऐकला की पोरे जेवणाच्या ताटावरून उठतात. आपण लहान होतो तेव्हा आपणही उठत होतो. त्यात पोरांची चूक काही नाही.

परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी असे घडले, की या गारीगाराचा जरा मुळापासून विचार करावा लागला. तो सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

फेब्रुवारीच्या शेवटी पेरूचे बारा क्रेट बाजारात नेले. आपला राहाता-शिर्डीचा पट्टा पेरूसाठी नावाजलेला, त्यामुळे माल आला की सगळ्यांचाच एकदम येतो. त्या दिवशी जो भाव निघाला, त्यात तोडणी, हमाली, तोलाई आणि टेम्पोचे भाडे वजा जाता हाती काही उरेना. चार क्रेट तसेच परत आणले. त्याच आठवड्यात गावची यात्रा होती. धाकट्या नातवाने यात्रेत लालभडक गारीगार खाल्ले आणि रात्रीपासून त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सलाईन लावावे लागले. गारीगारामुळेच झाले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. यात्रेत पोराने काय काय खाल्ले, कोणते पाणी प्यायले, कोण पाहतो? पण दवाखान्यातून परत येताना धाकटी सून एवढेच म्हणाली, "दादा, ओट्यावर चार क्रेट पेरू सडतोय, घरात कारखान्याची साखर हाये, आन् आपलं पोरगं रंगाचं पाणी चोखून आजारी पडतं. ह्यो कुठला हिशेब?"

हिशेब खरोखर चुकत होता. तो दुरुस्त करायचे आम्ही ठरविले.

पहिले दोन प्रयत्न फसले

सुनेने पेरू शिजविले, पुरणयंत्रातून काढले. बिया वर राहिल्या आणि गर खाली आला. किलोभर गरात लिटरभर पाणी आणि दोन चमचे साखर घालून स्टीलच्या पेल्यांत भरले आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. सकाळी बघतो तो दगड! काडी ओढली तर काडीच हातात आली. दुसऱ्या खेपेस तिने रागाने अर्धा किलो साखर ओतली. तेव्हा दोन दिवस ठेवूनही कांडी धड गोठली नाही, नुसता गिच्च लगदा झाला.

तेवढ्यात शेतकी खात्याचा चिटबॉय ऊस पाहायला आला होता. त्याच्या खिशात ब्रिक्सचे मीटर होते. उसाच्या कांड्याला टोचून रसाचे दोन थेंब काचेवर घ्यायचे आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नातू म्हणाला, "काका, आमच्या गारीगाराचं बी ब्रिक्स बघा की!" आम्ही हसलो. पण त्या पोराने खरोखर थेंब घेऊन पाहिले. नुसत्या पेरूच्या गराचा आकडा दहाच्या आसपास आला, आमच्या तयार उसाचा विसाच्या आसपास. आणि तिथेच आमच्या दोन्ही फजित्यांचे कारण सापडले.

कारखान्याच्या भाषेत गारीगार

ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात विरघळलेला घन भाग किती ग्रॅम आहे तो आकडा. उसात आणि फळांत हा भाग मुख्यतः साखरेचाच असतो. निव्वळ पाणी शून्य अंशाला गोठते. त्यात साखर विरघळली की ते त्याहून खाली गेल्यावर गोठू लागते. लिटरभर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर घातली तर गोठण्याची सुरुवात पावणेदोन अंशांहून थोडी अधिक खाली सरकते. गोठतानाही आधी पाणी गोठते आणि साखर उरलेल्या पाण्यात दाटत जाते. त्यामुळे बर्फाच्या कणांमध्ये थोडा गोड पाक न गोठता राहतो. हा पाक असतो म्हणून कांडी दाताखाली तुटते. पाक कमी पडला तर दगड होतो, जास्त झाला तर लगदा.

आमच्या पहिल्या गारीगाराचा ब्रिक्स जेमतेम पाच-सहा होता, दुसऱ्याचा चोवीसच्या आसपास. चांगली कांडी पंधरा ते वीसच्या दरम्यान जमते. म्हणजे तयार उसाचा रस जेवढा गोड, जवळजवळ तेवढेच!

बाजारचे गारीगार चोखले की रंग आणि गोडी आधी तोंडात येते आणि हाती पांढरा बर्फ राहतो, तेही याच कारणाने. त्यात गर नसतो. रंगाचे गोड पाणी बर्फाच्या कणांमध्ये अडकलेले असते, ते चोखताच निघून येते. फळाचा दाट गर असला की तो पाणी धरून ठेवतो आणि शेवटच्या घासापर्यंत चव टिकते.

पेरूची कांडी

आता आमचे जमलेले प्रमाण देतो. पेरूचा गर १ किलो, उकळून गार केलेले पाणी अर्धा लिटर, साखर २०० ग्रॅम, दोन लिंबांचा रस आणि पाव चमचा मीठ. गरातली शंभर आणि वरची दोनशे मिळून तीनशे ग्रॅम साखर, आणि सगळे मिश्रण सतराशे ग्रॅम. म्हणजे ब्रिक्स साडेसतरा. साखर गरम पाण्यात आधी विरघळवून घ्यावी, तशीच टाकली तर तळाशी बसते. मिश्रण चांगले गार करून चहाच्या लहान पेल्यांत भरावे. तास-दीड तासाने कडेने धरू लागले की मधोमध काडी रोवावी आणि पुढे पाच-सहा तास हात लावू नये. काढताना पेला क्षणभर साध्या पाण्यात बुडवावा.

काडीच्या ऐवजी आमच्या पोरांनी सोललेल्या उसाची उभी चिरलेली फोड रोवली. कांडी संपली की काडीही चघळून खायची. ही युक्ती मात्र सर्वस्वी त्यांची.

एवढ्या मिश्रणात लहान पेल्याच्या चोवीस कांड्या झाल्या. एका कांडीत वरून घातलेली साखर आठ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चमचे. आपण साखर पिकविणारे असलो तरी हेही सांगितले पाहिजे, की पोराला दिवसाला एक कांडी पुष्कळ झाली. साखर वाढवून फायदा नाही, कांडीही बिघडते.

सरदार पेरूचा गर यासाठी उत्तम. या जातीला आपण लखनौ-४९ म्हणतो, म्हणून ती उत्तरेकडची असे पुष्कळांना वाटते. बी तिकडचे असले तरी तिची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत झाली.

द्राक्षाची आणि डाळिंबाची गोळी

ही तर मुलेही करतील. बिनबियांची द्राक्षे देठापासून सुटी करून धुवावीत, कापडावर पूर्ण कोरडी करावीत. लिंबाच्या रसात घोळून, पाव किलोला दोन चमचे या हिशेबाने पिठीसाखरेत फिरवावीत. स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटतील अशी पसरून चार तास गोठवावीत आणि मग डब्यात भरावीत. बाहेरून साखरेचा पापुद्रा, आत गारेगार गर. द्राक्षाचा स्वतःचा ब्रिक्सच अठरा-वीस असल्याने ते दगड होत नाही. डाळिंबाचे दाणे असेच करावेत, त्यांना साखर आणखी कमी लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने दिलेल्या भगवा जातीचा टपोरा, मऊ बियांचा दाणा यासाठी फार छान.

पाच वर्षांखालील मुलाला अख्खे द्राक्ष कधीही देऊ नये, घशात अडकते. उभे चिरून, चार फोडी करूनच द्यावे.

गोठविलेल्या साखरेच्या गोळीला इंग्रजीत कँडी म्हणोत की आणखी काही, शब्द आपलाच आहे. संस्कृतातला 'खंड' म्हणजे साखरेचा खडा. तो फारशीत 'कंद' झाला आणि अरबीतून फिरत युरोपात जाऊन कँडी झाला. माल आपला, नावही आपले.

सीताफळ : तापवू नका

सीताफळाचा गर तापविला की कडवट होतो. म्हणून त्याचा मुरंबा-जॅम जमत नाही आणि म्हणूनच गोठविणे हाच त्याच्यावर उत्तम उपाय. स्वच्छ हाताने गर काढून, थोडा लिंबाचा रस लावून, तो पसरट डब्यात भरून दिवाळीतच गोठवून ठेवावा. उन्हाळ्यात उकळून गार केलेल्या दुधात कालवून त्याच्या कांड्या करता येतात. मात्र बिया मिक्सरमध्ये फुटू देऊ नयेत. त्या विषारी असतात आणि त्यांची पूड डोळ्यांत गेली तर फार दाह करते.

उसाचा रस

उसाच्या रसात वरून साखर लागतच नाही. ऊस चांगला धुवावा, कारण फडात उंदीर-घुशींचा वावर असतो. चरक स्वच्छ असावा. रसात लगेच लिंबू आणि आले घालावे, म्हणजे तो काळा पडत नाही, आणि तासाभराच्या आत तो बर्फाच्या कप्प्यात जावा. उन्हात ठेवला तर रस आंबतो, हे आपल्याला सांगायला नको.

फ्रीज नसेल, वीज नसेल तर

लग्नकार्यात पॉटचे आइस्क्रीम फिरविलेले ज्यांना आठवते, त्यांना ही रीत माहीत आहे. गोणपाट गुंडाळलेल्या बादलीत तीन वाटे कुटलेला बर्फ आणि एक वाटा जाडे मीठ घालायचे आणि मध्ये घट्ट झाकणाचा डबा फिरवायचा. मिठामुळे बर्फ वितळू लागतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. बाहेरचे खारे पाणी शून्याखाली दहा अंशांपेक्षाही अधिक उतरते. पाऊण तासात आतला गर धरतो. बाहेरचा हा बर्फ खाण्याचा नसला तरी चालतो, फक्त खारे पाणी डब्यात शिरू देऊ नये. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली त्याला निळसर रंग देण्याचा नियम केला. रंग असो वा नसो, विकतच्या लादीचा बर्फ सरबतात टाकू नये.

चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात

१) बर्फाने जंतू मरत नाहीत, ते नुसते निजतात आणि पोटात गेल्यावर जागे होतात. म्हणून पाणी खळखळ उकळूनच घ्यावे. आमच्या घरी आता विहिरीचे थेट पाणी कशातच घालीत नाहीत.

२) फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचे नाही, हे औषधाच्या पुड्यावर लिहिलेले असते. बाजाराला पाठविताना आपण ते पाळतो, मग घरच्या पोरांसाठीही पाळावे. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटे फळ बुडविले, तर सालीवरचे औषध बरेचसे निघते. आत मुरलेले निघत नाही.

३) वीज गेली तर फ्रीजचे दार उघडू नये. पूर्ण वितळून कोमट झालेली कांडी पुन्हा गोठवू नये, फेकून द्यावी.

४) रंग घालू नये. कापडाला वापरतात तो रोडामाईन-बी हा गुलाबी रंग म्हातारीच्या केसांत सापडल्यामुळे तमिळनाडू सरकारने २०२४ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. डाळिंबाला आणि जांभळाला रंग लागतो कशाला?

एक खुलासा

याने पेरूचा पडलेला भाव भरून निघेल असे कोणी समजू नये. चार क्रेटमधले एका क्रेटचेच फळ आमच्या फ्रीजमध्ये मावले. दोन क्रेट शेजारी वाटले आणि एक शेवटी जनावरांना गेला. भावाचा प्रश्न बाजाराचा आहे, तो बर्फाच्या कप्प्यात सुटत नाही. बचत गटाच्या भगिनींनी कांड्या करून विकायचे ठरविले, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे आधी नोंदणी करून घ्यावी आणि थंड साखळी व विजेचा खर्च कागदावर मांडून पाहावा. घाईने मोठा डीप फ्रीझर घेऊ नये.

पण घरापुरता आमचा हिशेब जुळला. मार्चअखेर आमच्या फडात तोडणी चालू असताना सुनेने दोन डझन कांड्या थर्मासच्या डब्यात घालून टोळीच्या पोरांसाठी नेल्या. पाथर्डीकडची मंडळी. एका पोरीने कांडी चाखली, उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, "मावशी, ह्याचा रंग जिभेला लागत नाय का?"

"नाय बाई," सून म्हणाली, "ह्याला रंगच नाय."

पोरीने जीभ बाहेर काढून आईला दाखविली आणि खायला बसली.