पेशींना जाणारी हाक आणि ती अडविणारे रेणू

गोचीड कुत्र्याच्या कातडीस चिकटली म्हणजे कित्येक दिवस तेथून हलत नाही. तिचे मुख कातडीत खोल रुतलेले असते. बाभळीचा काटा तेवढा काळ अंगात राहिला, तर ती जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि शेवटी तेथे पू धरतो. गोचिडीच्या बाबतीत मात्र यजमान प्राण्याला पुष्कळदा तिचा पत्ताही लागत नाही. याचे एक कारण तिच्या लाळेत आहे. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीच्या लाळेत ‘इव्हॅसिन’ नावाची प्रथिने असल्याचे २००७–०८ च्या सुमारास दाखविण्यात आले. शरीराच्या रक्षक पेशींना बोलावणारी जी संदेशद्रव्ये आहेत, त्यांना ही प्रथिने वाटेतच गाठून बांधून टाकतात. हाक पोहोचत नाही, म्हणून रक्षक जमत नाहीत, आणि गोचीड निर्वेधपणे रक्त शोषीत राहते.

दमा, ॲलर्जीमुळे होणारे त्वचेचे विकार, संधिवाताचे काही प्रकार यांत रक्षक पेशी नको तेथे व नको तितक्या जमतात. गोचिडीला जे साधले ते औषधाच्या एका गोळीने साधेल काय, हा प्रश्न गेली तीन दशके शास्त्रज्ञांपुढे आहे. त्याचे उत्तर अपेक्षेहून पुष्कळच गुंतागुंतीचे निघाले.

रक्तातील पांढऱ्या पेशी दुखावलेल्या जागेकडे चालत जातात, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. १८८२ मध्ये मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला त्याला दिसला. या पेशींना वाट कोण दाखवितो, हे मात्र कळण्यास शंभर वर्षे लागली. १९६२ मध्ये बॉयडन याने एक साधे उपकरण तयार केले. त्यात वर व खाली असे दोन कप्पे असून मधे सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. वरच्या कप्प्यात पेशी ठेवावयाच्या, खालच्या कप्प्यात परीक्षेसाठी घेतलेले द्रव्य घालावयाचे आणि किती पेशी पडद्यातून खाली उतरतात ते मोजावयाचे. इतक्या साध्या तत्त्वावर आधारलेले साधन आजही प्रयोगशाळांतून वापरात आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अशाच प्रकारच्या परीक्षांच्या साहाय्याने १९८७ मध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना ओढून घेणारे एक लहान प्रथिन ओळखण्यात आले. त्याला पुढे ‘इंटरल्यूकिन-८’ हे नाव मिळाले. त्यानंतर त्याची भावंडे भराभर सापडत गेली. या कुलास ‘केमोकाइन’ म्हणतात. मानवी शरीरात सुमारे पन्नास केमोकाइने असून त्यांची हाक ऐकणारे ग्राही मात्र सुमारे वीसच आहेत.

केमोकाइनाच्या एका रेणूत साधारणपणे सत्तर ते शंभर ॲमिनो अम्ले एका माळेत ओवलेली असतात. गुळाची ढेप ठेवली की मुंग्यांची रांग लागते, तसे हे आहे असे समजण्यास हरकत नाही. मात्र हा दृष्टांत एका ठिकाणी अपुरा पडतो. रक्त सतत वाहत असते. त्यात मोकळे सोडलेले द्रव्य तत्काळ वाहून जाईल. म्हणून केमोकाइने रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावरील शर्करामय धाग्यांना चिकटून राहतात. पांढरी पेशी त्या अस्तरावरून गडगडत जात असता तिच्या पृष्ठभागावरील ग्राहीला केमोकाइन भेटते, ती थबकते, घट्ट चिकटते आणि भिंतीतून वाट काढून बाहेरच्या ऊतकात शिरते.

ग्राही हेही एक प्रथिनच असते. त्याचा धागा पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेला असतो. केमोकाइन बाहेरून येऊन बसले की ग्राहीचा आकार किंचित पालटतो, आणि आतल्या बाजूस ‘जी’ प्रथिन नावाचा दुवा जागृत होऊन पेशीस चालना मिळते. हा आतला दुवा तोडला तर काय होते, याचा दाखला डांग्या खोकल्यात मिळतो. त्या रोगाचे जंतू जे विष निर्माण करतात, ते नेमके याच दुव्यास निकामी करते. मग लिंफोसाइट पेशींना रक्तातून बाहेर पडता येत नाही. डांग्या खोकला झालेल्या मुलाच्या रक्तात त्यांची संख्या अतोनात वाढलेली दिसते, ती यामुळेच.

ॲलर्जीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे केमोकाइन १९९४ मध्ये लंडन येथे टिमोथी विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. दम्याच्या पुष्कळ रोग्यांच्या श्वासनलिकांत इओसिनोफिल नावाच्या पेशी दाटलेल्या असतात. इओसिन या रंगाने त्या लालभडक रंगतात म्हणून १८७९ मध्ये पॉल एर्लिख याने त्यांना वेगळे ओळखले होते. लंडनच्या प्रयोगात गिनिपिगांना अंड्यातील पांढऱ्या बलकाच्या प्रथिनाची ॲलर्जी निर्माण करण्यात आली आणि मग त्याच प्रथिनाचे तुषार हुंगविण्यात आले. त्यांची फुप्फुसे धुऊन काढलेले पाणी दुसऱ्या गिनिपिगांच्या कातडीत टोचले असता तेथे इओसिनोफिल गोळा होऊ लागले. ते किती जमले हे मोजता यावे म्हणून त्या पेशींना आधीच किरणोत्सर्गी खूण करून ठेवलेली होती. धुवणाच्या त्या पाण्यातून जे द्रव्य शुद्ध करण्यात आले, ते ७३ ॲमिनो अम्लांचे प्रथिन होते. त्याचे नाव ‘इओटॅक्सिन’ ठेवण्यात आले. दोनच वर्षांनी माणसातील इओटॅक्सिन व त्याचा ग्राही ‘सीसीआर-३’ हेही हाती आले. इओसिनोफिल पेशींवर हा ग्राही विपुल असतो. तेव्हा हा एक ग्राही बंद केला की दम्याचे मूळच खुंटेल, अशी आशा वाटू लागली, आणि ती अवास्तव होती असे म्हणता येणार नाही.

ग्राही बंद करणारे पहिले उत्तम द्रव्य अनपेक्षितपणे मिळाले. जिनीव्हा येथील एका प्रयोगशाळेत ‘रँटीस’ हे मानवी केमोकाइन जंतूंकडून तयार करविले जात होते. जंतू प्रथिनाची माळ मेथिओनीन या ॲमिनो अम्लापासून सुरू करतात व बहुधा ते नंतर छाटून टाकतात. येथे ते छाटले गेले नाही. या एका वाढीव मण्यामुळे रँटीस ग्राहीवर जाऊन बसे, परंतु पेशीस हाक ऐकू येत नसे. हा शोध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलुपात बसणारी पण न फिरणारी किल्ली जशी खऱ्या किल्लीला आत जाऊ देत नाही, तसेच हे झाले. तथापि प्रथिन पोटात घेतले तर ते अन्नाप्रमाणेच पचून जाते. गोळीच्या रूपाने द्यावयाचे औषध लहान रेणूचेच असावे लागते. केमोकाइनाचा रेणुभार आठ ते दहा हजारांच्या आसपास असतो, तर अशा लहान रेणूचा पाचशेच्या जवळपास.

पाचशेच्या रेणूने दहा हजारांच्या प्रथिनाला हटविणे हे काम सोपे नाही. औषध कंपन्यांनी साठविलेली लाखो संयुगे एकामागून एक तपासण्यात आली. किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले केमोकाइन ग्राहीवर बसवून कोणते संयुग त्यास ढकलून लावते, हे प्रथम पाहिले जाई. मग ग्राही जागृत झाल्यावर पेशीत कॅल्शियमची जी लाट उठते ती थांबते काय आणि अखेरीस पेशींचे चालणे थांबते काय, याची परीक्षा होई. यशस्वी ठरलेल्या पुष्कळ रेणूंत धनभारित होणारा एक नायट्रोजन अणू आढळला. ग्राहीच्या सातव्या पदरातील ग्लुटामिक अम्लाच्या ऋणभाराशी तो जुळतो. परंतु अशाच घडणीचे रेणू हृदयाच्या स्नायूतील पोटॅशियमचे मार्गही अडवितात, आणि त्यामुळे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. एकाशी जुळावे व दुसऱ्याशी जुळू नये, यासाठी रसायनशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. आणखी एक अडचण अशी की माणसाच्या ग्राहीवर घट्ट बसणारा रेणू उंदराच्या ग्राहीवर पुष्कळदा बसतच नाही. त्यामुळे नेहमीच्या प्राण्यांवर त्याची कसोटी घेणे दुरापास्त होते.

जनुक काढून टाकलेल्या उंदरांपासून तरी उत्तर मिळेल, असे वाटले होते. २००२ मध्ये सीसीआर-३ नसलेल्या उंदरांवरील दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. दोहोंतही फुप्फुसात येणारे इओसिनोफिल घटले. परंतु श्वासनलिका चटकन आकसण्याची जी प्रवृत्ती दम्यात असते, ती एका प्रयोगात नाहीशी झाली व दुसऱ्यात उलट वाढली. पहिल्यात ॲलर्जी कातडीवाटे निर्माण केलेली होती, तर दुसऱ्यात पोटात टोचून. आणि दुसऱ्या प्रकारात मास्ट पेशी भलत्याच जागी जमल्या होत्या. ग्राही एकच असूनही तो अडविल्याचे फळ रोग कसा जडला यावर अवलंबून राहावे, ही गोष्ट औषध शोधणाऱ्यांना सावध करणारी होती.

मानवी चाचणीचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या कफात इओसिनोफिल भरपूर आहेत अशाच दमेकऱ्यांना सीसीआर-३ अडविणारा एक लहान रेणू पोटातून देण्यात आला. कफातील इओसिनोफिल कमी झाले नाहीत. श्वासनलिकांच्या चटकन आकसण्यात थोडी सुधारणा दिसली, एवढेच. संधिवात व मज्जासंस्थेचा ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या रोगांसाठी सीसीआर-१ व सीसीआर-२ यांचे रोधकही त्यापूर्वीच निराशाजनक ठरले होते.

असे का व्हावे याविषयी दोन मते आहेत. एक मत असे की शरीराने एका कामासाठी अनेक हाका योजून ठेवल्या आहेत. इओसिनोफिलला इओटॅक्सिनखेरीज प्रोस्टाग्लँडिन, ल्यूकोट्रिन इत्यादी द्रव्येही बोलावू शकतात. एक दार लावले तर पेशी दुसऱ्याने येते. दुसरे मत असे की दार पुरते लावलेच गेले नव्हते. पेशीवरील शंभरांपैकी दहा ग्राही जरी मोकळे राहिले तरी ती चालू शकते. म्हणून दिवसरात्र नव्वदाहून अधिक ग्राही व्यापलेले राहतील एवढी मात्रा हवी, आणि कित्येक चाचण्यांत ती नव्हती. दोहोंपैकी एकच मत सर्वस्वी खरे मानण्याचे कारण नाही. इओसिनोफिलच्या वाढीस आवश्यक असलेले ‘इंटरल्यूकिन-५’ हे द्रव्य निकामी करणाऱ्या मेपोलिझुमॅब या प्रतिपिंडाची कथा येथे उद्बोधक आहे. सरसकट सर्व दमेकऱ्यांना ते दिले तेव्हा फारसा उपयोग झाला नाही. २००९ मध्ये केवळ इओसिनोफिल वाढलेले रोगी निवडून दिले, तेव्हा दम्याचे झटके कमी झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. म्हणजे इओसिनोफिलवरचा रोख चुकीचा नव्हता. त्यांना वाटेत अडविण्यापेक्षा ते निपजूच न देणे अधिक फलदायी ठरले.

केमोकाइन-रोधकांना यश आले ते मात्र ॲलर्जीच्या क्षेत्राबाहेर. एड्सचा विषाणू पेशीत शिरण्यासाठी सीसीआर-५ या ग्राहीचा आधार घेतो, असे १९९६ मध्ये कळले. युरोपीय वंशाच्या काही थोड्या लोकांत हा ग्राही जन्मतःच नसतो, आणि तरीही ते बहुतांशी निरोगी असतात. त्यामुळे तो अडविणे धोक्याचे नाही असा भरवसा आला. मॅराव्हिरॉक हे असे औषध २००७ मध्ये मान्य झाले. प्लेरिक्साफॉरचा मार्ग अधिकच वळणाचा आहे. एका संयुगात राहून गेलेल्या अशुद्ध अंशात एड्सच्या विषाणूला रोखण्याचा गुण दिसला, आणि त्यावरून हा रेणू घडविण्यात आला. निरोगी माणसांवर त्याची सुरक्षितता तपासताना त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्याचे आढळले. हा रेणू ‘सीएक्ससीआर-४’ ग्राही अडवितो, आणि मूळपेशींना अस्थिमज्जेत धरून ठेवणारी हाक हीच होती. हाक थांबताच त्या रक्तात उतरतात व काढून घेता येतात. काही रक्तकर्करोगांच्या उपचारात मूळपेशींचे रोपण करण्यासाठी २००८ पासून त्याचा उपयोग होत आहे.

२०१३ मध्ये मॅराव्हिरॉक बसलेल्या सीसीआर-५ ची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडण्यात आली. हा रेणू केमोकाइनाच्या जागी बसतच नाही, तो पदरांच्या मधील खोल खाचेत शिरून ग्राहीला निष्क्रिय आकारात जखडून ठेवतो, असे तीत स्पष्ट दिसले. २०१६ मध्ये सीसीआर-२ व सीसीआर-९ यांच्या रचना हाती आल्या, तेव्हा त्याहून अनपेक्षित असे काही आढळले. काही रोधक पेशीच्या बाहेरून नव्हे, तर पटल ओलांडून आत जाऊन, जेथे ‘जी’ प्रथिन जोडले जाते त्या खालच्या बाजूस बसलेले होते. तेथे केमोकाइनाशी जागेसाठी झुंजावे लागत नाही. बाहेर हाक कितीही मोठी असली तरी आतला दुवा जुळत नाही. या खालच्या खाचेत बसतील असे रेणू आता इतर ग्राहींसाठीही शोधले जात आहेत.