आधी प्रीती, विश्वास मागाहून

2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या पुण्यतिथीलाच आला. ईस्टरची तारीख पौर्णिमेवर ठरते, त्यामुळे दोन्ही एका दिवशी येण्याचा योग क्वचितच जुळतो. तो त्या वर्षी जुळला, तेव्हा ईस्टरविषयी लिहिताना रमाबाईंना वगळून पुढे जाणं मला तरी जमणार नाही.

2025 हे वर्ष कॅथलिक चर्चने आशेचं ज्युबिली वर्ष म्हणून पाळलं. पोप फ्रान्सिस यांनी 24 डिसेंबर 2024 रोजी सेंट पीटर्स बॅसिलिकाचं पवित्र द्वार उघडलं आणि दोनच दिवसांनी रोमच्या रेबिबिया तुरुंगात जाऊन तिथलंही उघडलं. पुढच्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्युबिलीची सांगता जानेवारी 2026 मध्ये झाली. या काळात विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन शब्द प्रवचनांतून इतक्यांदा ऐकू आले, की ऐकणाऱ्याच्या कानाला ते गुळगुळीत वाटू लागावेत. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तेराव्या अध्यायाच्या शेवटी ही त्रयी येते. क्रम हाच: आधी विश्वास, मग आशा, शेवटी प्रीती, आणि तिघांत प्रीती मोठी.

माणसांच्या आयुष्यात मात्र शुभवर्तमान बहुधा उलट्या पायऱ्यांनी चढतं, असं मला वाटतं. आधी कुणाची तरी प्रीती दिसते. तिच्यामुळे आशा धरण्याचं धाडस होतं. विश्वास सगळ्यात शेवटी येतो, आणि कधी कधी फार उशिरा. रमाबाईंइतका याचा लख्ख पुरावा मराठी मुलुखात दुसरा नाही.

ज्या घरात त्या वाढल्या तिथे भक्तीची उणीव नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे मुलाबाळांसह तीर्थक्षेत्रं हिंडत, पुराणं सांगत. 1870 च्या दशकातल्या दुष्काळाने आईवडील आणि बहीण हिरावून नेली. उरलेले भाऊबहीण पायी चालत राहिले. झेलमच्या काठी एका कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत आडवे झाले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. पुढे कलकत्त्याने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, लग्न झालं, मुलगी झाली आणि दीडेक वर्षात वैधव्य आलं. 1883 मध्ये वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला पोचल्या. कानांनी दगा दिला आणि वैद्यकी राहिली.

वाँटेज इथल्या ज्या धर्मभगिनींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांनी त्यांना लंडनच्या फुलम भागातलं आपलं एक आश्रयगृह दाखवलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या. त्यांतल्याच काही आता इतर आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. अशा बाईसाठी कुणी दार उघडून धरलेलं रमाबाईंनी तोवर पाहिलंच नव्हतं. या भगिनी हे का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला.

तो अध्याय या लेखाच्या वाचकानेही आज जरूर काढून वाचावा. भर दुपार, याकोबाची विहीर, एक शोमरोनी बाई. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी घेत नसे, आणि येशू तिच्याकडे पाणीच मागतो. आपण कुणाला काय देणार, हे सांगण्याआधी तो स्वतः मागणारा होतो. तिचे पाच नवरे झाले आणि आता जो आहे तो नवरा नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो ते बोलूनही दाखवतो, पण संभाषण तोडत नाही. उलट उपासना कुठे आणि कशी करावी, ही धर्मशास्त्राची चर्चा तिच्याशी करतो. बाई घागर तिथेच टाकून गावात धावते आणि तिच्या सांगण्यावरून गाव विहिरीवर येतं. घागरीचा तपशील लिहिणाऱ्याने का जपला असेल? पाण्यासाठी आलेली बाई पाणी विसरली, एवढ्यात तिचं काय झालं ते सगळं येतं.

1883 मध्येच, 29 सप्टेंबरला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इथे बहुतेक चरित्रं सुटकेचा सुस्कारा टाकतात. पुढची आठ वर्षं मला जास्त मोलाची वाटतात, कारण त्या काळात त्या सतत वाद घालत होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा: त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, बिशपच्या शब्दापुढे सदसद्विवेक गहाण ठेवणार नाही, क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत. त्या शाकाहार सोडायलाही तयार नव्हत्या. ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. विश्वासाचं ते दार 1891 च्या सुमारास उघडलं. तोवर भारतात परतून त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेलं शारदा सदन सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे सेवा आधी उभी राहिली आणि ठाम विश्वास नंतर आला. शंका फिटल्याशिवाय श्रद्धेच्या वाटेला जाऊ नये, असं मानणाऱ्यांनी आणि शंका काढणं म्हणजे पाप, असं मानणाऱ्यांनीही ही तारीख लक्षात ठेवावी.

विरोध झाला आणि तो कडवा होता. सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्मांतराविषयीची ती धास्ती निव्वळ द्वेषातून आली होती, असं म्हणणं अन्यायाचं होईल. परक्या राज्यकर्त्यांचा धर्म, परक्या देशातून येणारा पैसा, हे प्रश्न खरेच होते. पण त्या विधवा मुलींसाठी दुसरं कोणतं घर उघडं होतं, हाही तितकाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या काळच्या पुण्यापाशी फारसं नव्हतं.

आशेची खरी कसोटी 1896-97 च्या दुष्काळात लागली. उपास काय असतो, हे अंगावर काढलेली बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आली. पुण्याजवळच्या केडगावच्या माळरानावर विहिरी खणल्या गेल्या, ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली; काही वर्षांत तिथली संख्या हजारापुढे गेली. शुभवर्तमानातली आशा म्हणजे सगळं ठीक होईल ही समजूत नसते. लूकच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे चालता चालता सांगतात, की आम्हांला त्याच्याकडून आशा होती. होती, आता नाही. पुनरुत्थित येशू नेमका या हरलेल्या दोघांच्या सोबतीने चालू लागतो आणि ते त्याला ओळखतही नाहीत. घरी पोचल्यावर, भाकर मोडताना ओळखतात. पहिला ईस्टर असा आहे: विजयाच्या मिरवणुकीऐवजी थकलेल्या माणसांचं जेवण. दुष्काळातून आलेल्या मुलीपुढे ताट ठेवणाऱ्या रमाबाईंना ही गोष्ट कुणी समजावून सांगायला नको होती.

शेवटचं दीड तप त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यात घालवलं. पंडिता असूनही त्यांनी पंडिती भाषा टाळली, कारण खेड्यातल्या बाईला ते वाचता आलं पाहिजे, ही त्यांची अट होती. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. 1921 मध्ये मनोरमा गेली. ती आईचा उजवा हात होती आणि संस्था तिच्याच हाती जायची होती. रमाबाई मुद्रितांवर काम करत राहिल्या आणि पुढच्याच वर्षी, 5 एप्रिलला, त्याही गेल्या. बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. योहानाचा चौथा अध्याय त्यात त्यांच्या स्वतःच्या मराठीत आहे.