पद्मिनीचे दागिने उतरवताना

सासऱ्यांच्या हौसेची जुनी फियाट किंवा पद्मिनी अजून तुमच्या दारात उभी आहे का? मग ती रंगवून घ्यायचा विषय घरात कधी ना कधी निघणारच! रंगाआधी बाजूच्या चकचकीत पट्ट्या नि नावाची अक्षरे उतरवावी लागतात, आणि घात होतो तो इथेच. घाईत कुणी स्क्रू-ड्रायव्हर खुपसतो, पट्टीला बाक येतो, पत्र्यावर ओरखडा उठतो. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून निघणारी ही गाडी पुढे पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास बंद पडली. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. अस्सल पट्टी मोडली, तर जुन्या बाजारात हिंडत बसावे लागते. म्हणून काम मिस्त्री करो वा घरचे कुणी, तुम्हांला एवढे ठाऊक हवेच.

आधी फोटो काढा. मग पट्टीच्या वर-खाली पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे रंग वाचेल.

पट्टी बहुधा पत्र्याच्या भोकांत बसवलेल्या क्लिपांवर अडकवलेली असते. काही पट्ट्यांच्या टोकाला मात्र आतून नट असतो. तो न काढता ओढलीत, की पट्टी वाकलीच म्हणून समजा! दाराचे आतले आच्छादन काढून आधी हात घालून चाचपा. नट गंजला असेल तर गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर राहू द्या. जोर करू नका.

आता लाकडाची पातळ पाचर किंवा प्लॅस्टिकचे जुने उलथने घ्या. एका टोकापासून, क्लिपच्या अगदी जवळ सरकवून थोडे थोडे उचला. एक क्लिप सुटली, की पुढची. सुटलेले टोक वर ओढून धरू नका, पट्टी तिथेच मुडपते. लांब पट्टीला दोघेजण हवेत. एकाने नुसता आधार द्यावा.

अक्षरे डिंकाने चिकटवलेली असतील, तर केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करा नि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवा. उरलेला चिकटा गोडेतेलाच्या फडक्याने निघतो. थिनर लावाल, तर रंगही जाईल!

आणखी एक. तांब्या-पितळेची सवय म्हणून पट्टीला चिंच, लिंबू किंवा तारेचा काथ्या लावू नका, बरं का! साबणाचे कोमट पाणी नि मऊ फडके पुरे.

प्रत्येक पट्टी जुन्या चादरीत गुंडाळा, ‘डावे पुढचे दार’ अशी चिठ्ठी बांधा. नट-क्लिपा वेगळ्या डबीत ठेवा. भोकांच्या कडांचा गंज घासून तिथे प्रायमर लावायला मिस्त्रीला आवर्जून सांगा. नाहीतर पावसाळ्यात नव्या रंगाखालून गंज पुन्हा डोके काढेल.