सायकलपर्यटन, परदेशातील

सायकल हे मुख्य वाहन ठेवून आणि लांबचे टप्पे फेरीबोट व आगगाडी यांनी ओलांडून केलेला परदेशप्रवास. ब्रिटनमध्ये १८७८ साली हॅरोगेट येथे सायकलप्रवाशांची संघटना स्थापन झाली. तीच पुढे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ म्हणून ख्याती पावली. यूरोपात दूर पल्ल्याचे सायकलमार्ग एका जाळ्यात गुंफण्याची ‘यूरोव्हेलो’ ही योजना १९९५ मध्ये सुरू झाली. त्यांपैकी पंधराव्या क्रमांकाचा ऱ्हाईन मार्ग स्वित्झर्लंडमधील आंडरमाटपासून नेदर्लंड्समधील हूक ऑफ हॉलंड या बंदरापर्यंत जातो.

नवखा प्रवासी प्रथम नकाशावर रस्ते आखतो आणि गाड्या-बोटींचा विचार मागाहून करतो. वस्तुतः हा क्रम उलटा हवा. कारण सायकल चढवून घेणारी गाडी न मिळाल्यास सबंध बेत कोलमडतो. इंग्लंडमधील हारिच बंदराहून निघणारी रात्रीची बोट सकाळी आठच्या सुमारास हूक ऑफ हॉलंडला लागते. परंतु डच आगगाड्यांत कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ व दुपारी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळांत न घडवलेली सायकल नेता येत नाही (जुलै व ऑगस्ट हे महिने यास अपवाद होत). अशा वेळी बंदरात खोळंबून राहण्यापेक्षा रॉटरडॅमपर्यंतचे सु. ३० किमी. अंतर सायकलनेच कापावे. तेथे पोहोचेतो निर्बंधाची वेळ टळलेली असते. जर्मनीत प्रादेशिक गाड्यांत सायकलीसाठी सामान्यतः आरक्षण लागत नाही; लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र ते अनिवार्य आहे आणि जागा मोजक्याच असतात. घडीची सायकल मिटवून नेल्यास बहुतेक ठिकाणी ती सामानात मोडते.

प्रवासाची दिशा हा दुसरा कळीचा प्रश्न. नदीच्या प्रवाहाबरोबर उतरणे सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. बाझेल ते समुद्र या ८६० किमी.हून अधिक लांबीच्या नदीमार्गात उतार अवघा सु. २५० मी., म्हणजे दर किमी.ला जेमतेम ३० सेंमी. आहे, तो पायांना जाणवतही नाही. नेदर्लंड्सच्या सपाट प्रदेशातील पश्चिमेचा वारा मात्र चांगलाच जाणवतो. त्यामुळे बोटीने उतरून वारा पाठीशी घेत प्रवाहाविरुद्ध जाणे व परतीस आगगाडी धरणे, हा बेत प्रस्तुत लेखकास अधिक सुखाचा वाटतो.

माइन्त्स ते कोब्लेन्त्स या टप्प्याच्या वाटेवर ऱ्हाईनची अरुंद दरी लागते. येथे सु. ८० किमी.पर्यंत नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जाण्यास बिंगेन-र्‍यूडेसहाइम, सांक्ट गोआर-सांक्ट गोआर्सहाउझेन यांसारख्या छोट्या बोटींवरच अवलंबून राहावे लागते. शेवटच्या खेपेची वेळ आधी पाहून न ठेवल्यास समोर दिसणारा मुक्काम दुरापास्त होतो. तथापि दोन्ही तीरांवर लोहमार्ग असल्याने पावसात वा थकव्यात आगगाडीचा आसरा मिळतो. याच सोयीमुळे हा टप्पा नवख्यांस विशेष योग्य होय.

भारतीय पारपत्रधारकाने ब्रिटनमार्गे जाताना ब्रिटिश आणि शेंगेन असे दोन स्वतंत्र व्हिसा घ्यावे लागतात. यूरोपीय संघाच्या २०२१ च्या रेल्वेप्रवासी-हक्क नियमाने नव्या व मोठी पुनर्रचना झालेल्या गाड्यांत सर्वसाधारणपणे किमान चार सायकलींची जागा ठेवण्याची तरतूद केली आहे. जुन्या गाड्यांबाबत त्या त्या कंपनीचे नियमच पाहावे लागतात.