खेकडा भजी आणि पाण्याचा हिशोब

पहिला जोरदार पाऊस झाला की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे व्हरांड्यातल्या दोरीवर चार-चार दिवस न वाळणाऱ्या जीन्स, आणि दुसरी म्हणजे भजी खायची इच्छा. पहिल्या गोष्टीवर अजून कुणाला उपाय सापडलेला नाही. दुसरीवर आहे आणि तोच इथे सांगायचा आहे.

पण त्याआधी आमच्या फजितीची गोष्ट सांगायला हवी. गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगने एक ठराव एकमताने पास केला (असं आमच्या विंगमध्ये क्वचितच होतं). रोज आपल्याला वाढणाऱ्या मेसच्या लोकांना एका रविवारी संध्याकाळी आपण करून वाढायचं. मेन्यू ठरला कांदा भजी आणि चहा. माणसं जेमतेम वीस. चौघेजण मेकॅनिकलचे, दोघे केमिकलचे. म्हटलं, भज्यांत काय एवढं? बेसन, कांदा, पाणी, तेल. झालं!

दुपारी चार वाजता आम्ही कांदा चिरून, मीठ घालून, पाणी ओतून पीठ भिजवून ठेवलं. सातला पाहतो तर पीठ पातळ. मग आणखी बेसन घातलं. ते घट्ट झालं म्हणून पुन्हा पाणी. घाई होती म्हणून कढई गच्च भरली. तळलेली भजी गार होऊ नयेत म्हणून पातेल्यात भरून वर झाकण ठेवलं. अगदी व्यवस्थित नियोजन!

पाहुणे बसले. ताटल्या वाढल्या. सगळे शांतपणे खात होते. शेवटी पोळ्या करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "चांगली झालीत रे पोरांनो. फक्त चमचे आणा."

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण खरं सांगायचं तर लाज वाटली. वर्षभर त्यांच्या हातचं खाऊन "आज भाजीत मीठच नाही" म्हणणारे आम्ही, आणि एक दिवस त्यांना धड भजीही खाऊ घालता आली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मावशींना गाठलं आणि विचारलं, "आमचं चुकलं कुठं?" त्या म्हणाल्या, "कांद्याला त्याचं त्याचं पाणी हाय की. तुम्ही वरनं आणखी कशाला घालता?"

मित्रहो, सगळा फंडा या एका वाक्यात आहे. कुरकुरीत भजी म्हणजे पाण्याचा हिशोब. पाणी किती आत घेतलं, ते किती वेगाने बाहेर काढलं, आणि बाहेर गेलेलं परत आत येऊ दिलं का, एवढंच बघायचं. आता एकेक पाहू.

पाणी आत घेताना

कांद्यात वजनाच्या सुमारे ८९ टक्के पाणी असतं. म्हणजे ४ मध्यम कांदे, साधारण ४०० ग्रॅम घेतले, तर त्यात जवळजवळ ३५० ग्रॅम पाणीच आहे. ते बाहेर काढायचं काम मीठ करतं. ऑसमॉसिस बारावीत शिकलो, इथे तो उपयोगी पडतो.

कांदे उभे, पातळ चिरायचे आणि पाकळ्या हाताने सुट्या करायच्या. त्यावर एक लहान चमचा मीठ घालून हलक्या हाताने चोळायचं आणि १० ते १५ मिनिटं ठेवायचं. कांद्याला पाणी सुटतं. त्यात एक लहान चमचा तिखट, पाव चमचा हळद, अर्धा चमचा हातावर चोळलेला ओवा आणि मूठभर चिरलेली कोथिंबीर घालायची. मग बेसन भुरभुरत, एका वेळी थोडं थोडं घालायचं. साधारण १०० ते १२० ग्रॅम पुरतं. कांद्याला पीठ नुसतं चिकटलं पाहिजे, कांदा पिठात बुडता कामा नये. वरून पाणी घालायचं नाही. अगदीच कोरडं वाटलं तर हाताला पाणी लावून शिंपडायचं, ओतायचं नाही.

या भज्यांना खेकडा भजी म्हणतात, कारण कांद्याच्या पाकळ्या चारी बाजूंनी खेकड्याच्या पायांसारख्या बाहेर येतात. सिंहगडावर चढून गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हे पाय पातळ असल्यामुळे त्यांतलं पाणी लवकर उडतं आणि कुरकुरीतपणा मुख्यतः तिथेच असतो. गोल गोळा केला की बाहेर कवच आणि आत लगदा.

आता तीन छोट्या गोष्टी, ज्यांच्यावरून घराघरांत वाद असतात.

तांदळाचं पीठ: दोन मोठे चमचे घालावं. बेसनात साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं असतात, तांदळाच्या पिठात त्यापेक्षा बरीच कमी आणि स्टार्च जास्त. त्यामुळे कवच कडक होतं आणि कुरकुरीतपणा थोडा जास्त टिकतो.

मोहन: दोन लहान चमचे कडकडीत तेल पिठावर घालायचं. तेलाचा थर पिठाच्या कणांभोवती बसतो, कण एकमेकांना घट्ट धरत नाहीत आणि भजं खुसखुशीत होतं. मोहन घातल्यावर लगेच हात घालू नये, चमच्याने कालवावं.

सोडा: खेकडा भज्यांना लागत नाही. घालायचाच तर अगदी चिमूटभर. सोड्याने गॅस होऊन भजं फुगतं आणि रंगही लवकर येतो, पण जास्त झाला की जाळी मोठी पडते, तिच्यात तेल भरतं आणि जिभेवर साबणासारखी चव येते.

पीठ लागलं की लगेच तळायला घ्यायचं. मीठ आपलं काम थांबवत नाही, ते पाणी काढतच राहतं. आमचं चार ते सात भिजवून ठेवणं तिथेच फसलं. जास्त माणसं असतील तर कांदा चिरून ठेवावा, मीठ आणि पीठ मात्र घाण्यापुरतंच लावावं.

पाणी बाहेर काढताना

आता थर्मोचा तास. (पळू नका, दोनच ओळी आहेत.) तेल १७० ते १८० अंशांवर असतं, पाणी १०० अंशांवर उकळतं. भजं तेलात पडलं की जो चर्र आवाज येतो, जे बुडबुडे दिसतात, ती कांद्यातली वाफ असते. ही वाफ जोरात बाहेर येत असेपर्यंत तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. म्हणून पुरेशा गरम तेलातलं भजं तेलकट होत नाही.

पण वाफ करायला उष्णता लागते, आणि ती तेलातूनच येते. १० ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २५ किलोज्यूल लागतात. अर्धा किलो तेलाचं तापमान १ अंशाने बदलायला साधारण १ किलोज्यूल. म्हणजे कढईत अर्धा किलो तेल असेल तर दर १० ग्रॅम पाणी उडताना तेल २५ अंशांनी उतरायला बघतं. गॅस ती तूट भरून काढतो, पण त्याला वेळ लागतो. अशा वेळी कढई गच्च भरली की तेल धाडकन गार होतं, वाफेचा जोर संपतो आणि भजी तळली जाण्याऐवजी तेलात शिजत बसतात. आमच्या पातेल्यातल्या भज्यांचं हे पोस्टमॉर्टेम समजा.

म्हणून घाणा लहान घालावा. तेलाचा निम्मा पृष्ठभाग तरी मोकळा दिसला पाहिजे. थर्मामीटर कुणाच्या घरी नसतो, तेव्हा मावशींची परीक्षा वापरायची: पिठाचा थेंब तेलात टाका. तो तळाशी बसून राहिला तर तेल गार. टाकताक्षणी काळपट झाला तर जास्त तापलं. बुडबुडे काढत लगेच वर आला आणि सावकाश रंग धरला तर बरोबर. घाणा टाकताना आच मोठी, नंतर मध्यम, आणि काढायच्या आधी पुन्हा थोडी मोठी.

भजी झाली हे रंगापेक्षा आवाजावरून जास्त कळतं. बुडबुडे कमी झाले, चर्र आवाज उतरला, झाऱ्याने हलवल्यावर भजी एकमेकांवर खडखडली की काढायची. बुडबुडे कमी झाले याचा अर्थ उडायचं ते पाणी बहुतेक उडालं.

पाणी परत येऊ नये म्हणून

इथे बरेच जण शेवटच्या मार्काला चुकतात. भजं तेलाबाहेर काढलं की आतली वाफ निवते, तिथला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल तळताना नाही, काढल्यावर आत शिरतं! म्हणून झारा कढईच्या काठाशी थोडा वेळ धरून चांगला झटकायचा. मग भजी चाळणीत किंवा जाळीवर पसरायची, खालून हवा लागली पाहिजे. ढीग करायचा नाही आणि झाकण तर मुळीच ठेवायचं नाही. झाकणाखाली वाफ अडकते, पाणी होऊन पुन्हा भज्यांवर पडते. वर्तमानपत्रावरही काढू नका, छपाईची शाई पोटात जाते.

वीस जणांना एकाच वेळी गरम वाढायची असतील तर दोनदा तळणं हा उपाय. आधी भजी फिकट रंगावर काढून चाळणीत ठेवावी. दरम्यान आतलं पाणी हळूहळू कवचाकडे येतं. पाहुणे बसले की मोठ्या आचेवर मिनिटभर पुन्हा तळावी. कवचात आलेलं पाणी उडतं आणि भजी पहिल्यापेक्षा कुरकुरीत होतात.

बटाटा, वांगं, घोसाळं यांच्या कापांना कांद्यासारखं पाणी सुटायची वाट बघत नाहीत, तिथे सरसरीत पीठ लागतं. नियम मात्र तोच. काप पुसून कोरडे करायचे, नाहीतर पीठ निसटतं. पीठ कापावर पातळ थरात बसेल एवढंच दाट ठेवायचं. मिरची अख्खी तळायची असेल तर तिला उभी चीर द्यायची, नाहीतर आत कोंडलेली वाफ मिरची फोडते.

जरा गंभीर

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी आमच्यातल्या एकाने ओला झारा गरम तेलात घातला. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे सोळाशे पटीने वाढतं, हे आम्हाला परीक्षेत लिहिता आलं असतं. त्या दिवशी ते त्याच्या मनगटावर कळलं. नशीब, थोडक्यात निभावलं. तेव्हा हे वाचाच:

झारा, हात, कढई कोरडी हवी. कढई निम्म्याहून जास्त भरू नका. भजं वरून फेकू नका, काठाजवळून सोडा. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवा. पाणी चुकूनही ओतू नका, कढई उचलून पळू नका. भाजलं तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, बर्फ, तूप काही लावू नका. फोड आले किंवा भाग मोठा असेल तर डॉक्टरकडे जा. आणि रूमवर कॉइलच्या शेगडीवर हा प्रयोग करू नका. रेक्टर सर हा लेख वाचणार आहेत म्हणून म्हणत नाहीये, खरंच करू नका.

तेल पुन्हा पुन्हा वापरू नये हेही मावशींनी बजावलं. तेल तापत राहिलं की त्यात पोलर संयुगं वाढतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरू नये, असा भारतात १ जुलै २०१८ पासून नियम आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळं, दाट, फेसाळ झालं किंवा लवकर धुरायला लागलं तर त्याला निरोप द्या. सिंकमध्ये मात्र ओतू नका, पाइप तुंबतो.

शेवटचा घाणा

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा सगळ्यांना बोलावलं. या वेळी मावशी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. पहिला घाणा त्यांच्या ताटलीत वाढला. त्यांनी एक भजं मोडलं. आवाज आला! काही बोलल्या नाहीत, दुसरं उचललं. आम्हाला डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं वाटलं. नंतर हळूच म्हणाल्या, "बसून गरम भजी खाल्ली, लई दिवस झाले होते."

ते डोक्यात राहिलं. भजी चांगली लागतात ती पहिल्या पाच मिनिटांत, आणि त्या पाच मिनिटांत करणारं माणूस कढईपाशी उभं असतं. सगळ्यांची खाऊन झाल्यावर उरलेली, गार, मऊ पडलेली त्याच्या वाट्याला येतात. मेसमध्ये मावशी, आमच्या घरी आई.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला म्हटलं, "तू बस, आज मी करतो." तिचा विश्वास बसला नाही, दोनदा उठून गॅस बघून गेली. तिसऱ्यांदा बाबांनी तिला हाताला धरून बसवलं. घाणे मीच काढले. शेवटची चार भजी मला मिळाली, थोडी गार झालेली.

हिशोब पक्का असल्यामुळे तीही कुरकुरीत होती. तुम्हीही या सुट्टीत करून बघा. कांदे चारच घ्या, पाणी घालू नका, आणि एक दिवस तरी आईला बसवा.