टाकीतला दाब

जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पेट्रोल गाडीच्या टाकीचं झाकण फिरवलं की ‘फुस्स’ होतं. गिऱ्हाईक दचकतं. वाफ कोंडलेलीच बरी, असं मी सांगतो. ती मोकळी सुटली की धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी मिळून उन्हात ओझोन तयार करते. लॉस एंजेलिसनं हे धुरकं आधी भोगलं. म्हणून कॅलिफोर्नियात १९७० साली आणि पुढच्याच वर्षी सगळ्या अमेरिकेत नव्या गाड्यांना वाफ अडवायची सक्ती झाली. आपल्याकडेही बीएस-सहाच्या चाचणीत बंदिस्त खोलीत उभ्या गाडीतून २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सुटलेली चालत नाही.

टाकीतली वाफ नळीवाटे कोळशाच्या डब्यात जाते आणि तिथे धरली जाते. गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती ओढून घेतं आणि जाळतं. (पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर कर’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं: जादाचं पेट्रोल याच डब्यात उतरतं आणि कोळसा भिजून वाया जातो.)

टाकीचा दाब मोजणारा सेन्सर मात्र प्रत्येक गाडीत नसतो. तो गळती शोधायच्या कामाचा: अमेरिकेत नव्वदच्या दशकात गाडीनं स्वतःची गळती स्वतः शोधावी असा नियम आला, आधी एक मिलिमीटरच्या भोकापर्यंत, पुढे अर्ध्या. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत डबा आणि व्हॉल्व्ह सापडतो, सेन्सर नाही. म्हणून आधी त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा उघडायचा.

शिंदखेड्याहून एक आबा आले होते, एमएच १८ची मोठी पेट्रोल गाडी घेऊन. डॅशबोर्डवरच्या इंजिनच्या दिव्याकडे बोट करून म्हणाले, ‘हाई लाईट काब्र पेटस भो?’ दुसरीकडे त्यांना सेन्सर बदला म्हणून सांगितलं होतं, आणि तो बसतो टाकीच्या डोक्यावर, म्हणजे टाकी उतरवणं आलंच. स्कॅनरवर कोड होता पी०४५३. त्याचा अर्थ एवढाच की सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार वर आहे. सेन्सर गेलाय, असं तो कोड कुठेही म्हणत नाही.

सेन्सरला तीन वायरी: पाच व्होल्टची, अर्थिंगची आणि सिग्नलची. इंजिन बंद, चावी ऑन, झाकण उघडं. झाकण काढलं की टाकीत बाहेरचाच दाब, म्हणजे सेन्सरनं शून्य दाखवायला हवं. पुष्कळ गाड्यांत तेव्हा सिग्नलवर अडीच व्होल्टच्या आसपास मिळतात, काहींत दीड. खरा आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला. आबांच्या गाडीत जवळजवळ पाच आले. पाच व्होल्टची वायर ठीक होती, अर्थिंग मात्र मिळेना. अर्थिंग तुटलं की सिग्नल असा वर चढून बसतो. वायर हातानं चाचपत मागे गेलो, तर टाकीच्या पुढच्या वळणावर उंदरानं कुरतडलेली. गाडी कापसाच्या खोलीला लागून उभी असायची.

जोड दिल्यावर सिग्नल अडीचवर आला. तरी तिथेच थांबायचं नसतं. शून्यावर बरोबर असलेला सेन्सर दाब बदलल्यावर अडकूही शकतो. म्हणून हातपंपानं हलका व्हॅक्यूम द्यायचा आणि आकडा सलग सरकतो का, मध्येच उडी मारतो का, ते पाहायचं. हलका म्हणजे किती? अडीच किलोपास्कल, पाण्याच्या दहा इंचांएवढा; नळीनं उसाचा रस ओढताना तोंड जेवढा जोर लावतं तेवढाच. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा इथे कधीही मारू नये, आतला नाजूक पडदा फाटतो. बिडी, ग्राइंडर, सोल्डरिंग, सगळं लांब. वायरीचा जोडही मी दाबून बसवतो, तापवून नाही.

आबांचं बिल टाकी उतरवायच्या मजुरीहूनही कमी झालं. कोड पुसला आणि पारोळ्यावरून परत जाताना पेट्रोल भरलं, तर झाकण टिक-टिक वाजेपर्यंत घट्ट फिरवायला सांगितलं, कारण ढिलं झाकणही हाच दिवा लावतं, फक्त कोड वेगळा येतो: पी०४५५.